मातीत सापडलेले कोणाचे?



जमिनीत शेकडो वर्षे पडून राहिलेली वस्तू ज्याच्या हाताला लागते, त्याची ती होते काय? मूळ मालक केव्हाच मरून गेला. त्याचे वारस कोण हे कोणाला ठाऊक नाही. मागायलाही कोणी येणार नाही. मग अशी वस्तू उचलली तर चोरी कोणाची झाली? वरवर पाहता हा प्रश्न वकिलांचा वाटतो. परंतु तो मुळात नीतीचा आहे. मेटल डिटेक्टर नावाचे यंत्र बाजारात सहज मिळू लागल्यापासून तो आपल्या गावांच्या वेशीपर्यंत येऊन ठेपला आहे. म्हणून त्याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

असीरगडच्या शेतातील रात्री

मार्च २०२५ मधील घटना पाहा. मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर असीरगडचा किल्ला आहे. तेथील शेतांत शेकडो माणसे रात्री बॅटऱ्या, कुदळी, फावडी आणि चाळण्या घेऊन उतरली. काहींच्या हातात मेटल डिटेक्टर होते. रस्त्याच्या कामासाठी खणलेली माती शेतात आणून टाकली आणि तीत मुसलमानी अमदानीतील सोन्याची नाणी निघाली, अशी बोलवा होती. त्याच सुमारास 'छावा' हा चित्रपट गावोगाव चालला होता. त्यात बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग आहे. वदंतेला चित्रपटाचे बळ मिळाले. लोकांनी उभी शेते उकरली, ठिकठिकाणी खड्डे पाडले. अखेर पोलीस व प्रशासन यांना मध्ये पडून हे खोदकाम थांबवावे लागले.

जळगाव-भुसावळकडच्या वाचकांना बुऱ्हाणपूर परके नाही. जुन्या खानदेशाची ती राजधानी. इ. स. १४०० च्या सुमारास फारुकी सुलतानांनी हे शहर वसविले. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेतील मोठे ठाणे झाले. तेथे टांकसाळ होती. तेथील विणकरांचे तलम कापड दूरदेशी जात असे. ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने सतराव्या शतकात त्या व्यापाराचे वर्णन करून ठेवले आहे. १६८१ साली संभाजी महाराजांच्या फौजेने शहराबाहेरील पेठा लुटल्या. ज्या शहरात टांकसाळ होती, सावकारी होती आणि ज्याच्यावर स्वाऱ्याही होत होत्या, त्या शहराच्या आसपास कोणी तरी भीतीपोटी पैसा पुरून ठेवला असेल, हे अगदी संभवनीय आहे. बँका नव्हत्या. जमीन हीच तिजोरी होती.

तेव्हा रात्री खणणारी माणसे निव्वळ खुळी होती असे म्हणता येणार नाही. त्यांच्या आशेला थोडा तरी आधार होता. ती माणसे कोण होती हेही ध्यानात घ्यावे. ज्याच्या घरी धान्याची कोठी भरलेली आहे तो मध्यरात्री दुसऱ्याच्या शेतात चाळणी हलवीत बसत नाही.

मांत्रिक गेला, यंत्र आले

गुप्तधनाचा हव्यास आपल्याकडे नवा नाही. पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते, अमावास्येला अमुक जागी बळी दिला की हंडा वर येतो, धनावर नाग बसलेला असतो, अशा समजुतींनी महाराष्ट्रात किती संसार धुळीला मिळाले आणि किती निरपराध लेकरांचे प्राण गेले, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यास सांगायला नको. अघोरी प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी कृत्यांचा मुद्दाम समावेश करावा लागला, यावरून हा रोग किती खोल आहे ते कळते.

मांत्रिकाच्या जागी आता यंत्र आले. यंत्रात अंधश्रद्धा नाही, हे खरे. त्याचे शास्त्र सरळ आहे. दांडीच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जमिनीत धातू असेल तर त्या धातूत बारीक प्रवाह फिरू लागतात, त्यांचा परिणाम यंत्राला जाणवतो आणि कानात आवाज येतो. लहानसे नाणे साधारणपणे वीतभर खोलीपर्यंत सापडते. बऱ्याच यंत्रांत आणखी एक सोय असते. लोखंडाचा आवाज नको असेल तर तो बंद करता येतो. खिळे, गंज चढलेले विळे, नांगराचे फाळ यांनी खणणाऱ्याचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून ही योजना.

या सोयीकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. यंत्राला सोने-चांदी-तांबे ऐकू येते. लोखंड ऐकायचे की नाही हे हाती धरणारा ठरवितो. आणि मातीचे मडके, खापर, शंखाची बांगडी, हाडाची सुई, चुलीतील राख, जळालेले जोंधळ्याचे दाणे ही यंत्राला ऐकूच येत नाहीत. म्हणजे राजाने पाडलेले नाणे बोलते. कुंभाराचे, शेतकऱ्याचे, मोलकरणीचे सारे आयुष्य मुके राहते. नाणे काढण्यासाठी जो खड्डा होतो, त्यात ते मुके आयुष्य मात्र तुकडे तुकडे होऊन कडेला फेकले जाते.

माती साक्ष देते ती कशी

'एक नाणे उचलले तर काय बिघडले? उलट मातीत कुजत पडले होते ते माणसांत आले,' असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्याचे उत्तर तीन उदाहरणांनी देता येईल.

पहिले उदाहरण नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीचे. १९०६ साली तेथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी. सगळी क्षहरात राजा नहपान याची. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला असे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगत होताच. या साठ्याने त्याला भक्कम पुरावा दिला. आता कल्पना करा, हीच नाणी ओंजळ ओंजळ करून सराफाकडे गेली असती तर? प्रत्येक नाण्याची चांदी तेवढीच भरली असती. परंतु ती सारी एका ठिकाणी होती, त्यांत किती छापलेली व किती न छापलेली होती, हे कोणाला कळले असते? पुरावा एकेका नाण्यात नव्हता. तो त्यांच्या एकत्र असण्यात होता.

दुसरे उदाहरण दायमाबादचे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी हे प्राचीन वसाहतीचे ठिकाण आहे. १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना चार धातुशिल्पे सापडली. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जोडलेला माणसासह रथ. चारींचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक. भारतीय कलेत त्यांना तोड नाही. पुढे त्या ठिकाणी अनेक हंगाम शास्त्रीय उत्खननही झाले. तरीसुद्धा ही शिल्पे नेमकी कोणत्या काळातील, याविषयी विद्वानांत वाद राहिला. कोणी ती सिंधू संस्कृतीच्या उत्तरकालाशी, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या काळाशी जोडली. कोणी धातूच्या मिश्रणावरून त्या काळाबद्दल शंका घेतली. वाद का राहिला? कारण ती मातीच्या कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी, कोणत्या राखेवर होती, हे ती बाहेर निघाली तेव्हा नोंदले गेले नाही. यात त्या शेतकऱ्याचा लवमात्र दोष नाही. त्याच्यामुळे तर ती जगाला दिसली. सांगायचे एवढेच की वस्तू हाती आली तरी तिची साक्ष हातून निसटू शकते.

तिसरे उदाहरण इंग्लंडचे. तेथे जमीनमालकाच्या परवानगीने मेटल डिटेक्टर वापरण्याचा छंद हजारो लोकांना आहे. एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळ इस्पितळात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या एका गृहस्थाला शेतात रोमन काळची काही नाणी मिळाली. आणखी खणताच मडक्याची कड दिसली. त्याने हात आवरला, खड्डा बुजविला आणि पुरातत्त्व खात्याच्या लोकांना कळविले. त्यांनी येऊन मडके थराथराने रिकामे केले. नाणी निघाली ५२,५०३; वजन सुमारे १६० किलो. थरवार काढल्यामुळे असे दिसून आले की साठ्यातील उशिराच्या काळातील नाण्यांचा मोठा भाग मडक्याच्या खालच्या अर्ध्यात होता. म्हणजे कोणी वर्षानुवर्षे साठवीत गेला नव्हता. मडके एकाच वेळी भरले गेले होते. एवढे वजन घेऊन ते पातळ मडके उचलताच आले नसते. तेव्हा आधी मडके जमिनीत बसवून मग त्यात नाणी ओतली असली पाहिजेत. त्यावरून हे पुरून ठेवलेले धन नसून एखाद्या समुदायाने मिळून वाहिलेले दान असावे, असा विचार पुढे आला. एका स्वयंपाक्याने हात आवरला म्हणून सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या माणसांच्या मनात डोकावता आले. पुढे त्या साठ्याचे बाजारभावाने मूल्य ठरले, ते तीन लाख पौंडांहून अधिक झाले आणि ते शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटले गेले. प्रामाणिकपणामुळे तो गृहस्थ उपाशी राहिला नाही.

हा इतिहास कोणाचा बुडतो?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. इतिहास दोन ठिकाणी लिहिलेला असतो. एक कागदावर, ताम्रपटावर, दगडावर. आणि दुसरा मातीत. पहिला इतिहास ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी लिहिला. त्यात राजे आहेत, दाने आहेत, वंशावळी आहेत. ज्यांना लेखणीला हात लावण्याची बंदी होती त्यांची नावे तेथे शोधून सापडायची नाहीत. मी शाळेत इतिहास शिकवितो. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या पणजोबांचा जन्म केव्हा झाला, त्यांनी काय खाल्ले, कोणत्या घरात राहिले, याचा एकही कागद आमच्या घरी नाही. आपल्यापैकी बहुतेकांची हीच स्थिती आहे.

बुऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्यापासून भुयारी कालव्यांनी पाणी आणण्याची अजब योजना झाली. तिला कुंडी भंडारा म्हणतात. तिचे श्रेय मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना याला दिले जाते. ते त्याला जरूर द्यावे. पण जमिनीखाली शिरून दगड फोडणारे हात कोणाचे होते? त्यांची नावे कोणत्या बखरीत आहेत? कोणत्याही नाहीत. त्यांची चूल, त्यांचे मडके, त्यांची झिजलेली छिन्नी एवढेच त्यांचे दप्तर. आणि ते दप्तर मातीत आहे.

म्हणून रात्री शेत उकरणाऱ्या गरीब माणसाला मी असे सांगेन की बाबा रे, तू राजाचे धन लुटतो आहेस असे तुला वाटते. राजाचे काही बिघडत नाही. त्याचे नाव शेकडो शिलालेखांत व पुस्तकांत सुरक्षित आहे. तुझ्या फावड्याखाली जे फुटते आहे ते तुझ्याच आजा-पणजाचे दप्तर आहे. त्याची दुसरी प्रत कोठेही नाही.

याच ठिकाणी अमरावतीची आठवण देणे भाग आहे. आंध्रात कृष्णेच्या काठी असलेला तो महान स्तूप. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील जमीनदार वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू याने नवे गाव वसविण्याचे काम हाती घेतले. बांधकामासाठी दगड-विटा हव्यात म्हणून आणि टेकाडात धन असेल या लोभाने स्तूप फोडला गेला. कर्नल मॅकेन्झी याने प्रथम तो पाहिला तेव्हा, १७९७ च्या सुमारास, पुष्कळ काही उभे होते. १८१६ साली तो पुन्हा आला तेव्हा मधोमध तलावासाठी खड्डा केलेला होता. उरलेल्या कोरीव शिळा पुढे चेन्नई आणि लंडन येथील संग्रहालयांत विखुरल्या. ज्यांनी तो स्तूप उभारला त्यांत कारागीर, व्यापारी, भिक्खुणी, चांभार अशी सर्व थरांतील माणसे होती; शिळांवरील दानलेखांत त्यांची नावे आहेत. लेखणीच्या इतिहासात ज्यांना जागा नव्हती त्यांची नावे जेथे दगडावर राहिली होती, तेथेच लोभाची कुदळ पडली.

अदिन्नादान आणि पंसुकूल

आपण पंचशील घेतो. त्यांतील दुसरे शील न दिलेले न घेण्याचे. ते येथे लागू पडते काय? एखादा जाणकार वाचक म्हणेल की नाही, पडत नाही. अट्ठकथांत चोरीची पाच अंगे सांगितली आहेत. वस्तू दुसऱ्याच्या मालकीची असली पाहिजे आणि ती दुसऱ्याची आहे हे घेणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे, ही त्यांतील पहिली दोन. बेवारस वस्तूला मालकच नाही. शिवाय भिक्खू स्मशानातील व उकिरड्यावरील चिंध्या गोळा करून पंसुकूल चीवर करीतच होते. त्यांना कोणी चोर म्हटले नाही. मग मातीतले नाणे हेही पंसुकूलच नव्हे काय?

युक्तिवाद चांगला आहे, आणि त्याचे उत्तर द्यायलाच हवे. पहिली गोष्ट, चिंधी फेकून दिलेली होती. नाणे फेकलेले नव्हते, लपविलेले होते. परत येऊन काढू या आशेने कोणी तरी ते पुरले आणि त्याला परत येता आले नाही. त्याच्या मरणामुळे आपल्याला फायदा झाला, एवढेच. दुसरी गोष्ट, भिक्खू चिंधी अंग झाकण्यापुरती घेत असे. विकून धनवान होण्यासाठी नव्हे. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चिंधी उचलल्याने जगातील कोणाचेही काही कमी होत नव्हते. पंसुकूल निर्दोष ठरते ते या कारणाने. मातीतील वस्तू नोंद न करता उपटली की प्रत्येकाचे काही तरी कमी होते. जे मेले त्यांची साक्ष पुसली जाते. जे अजून जन्मले नाहीत त्यांना ती ऐकण्याची संधीच राहत नाही. त्यांनी आपल्याला ती दिलेली नाही; ते देऊच शकत नाहीत. जो नाही म्हणायला हजर नाही, त्याच्याकडून घेताना अधिक सावध राहिले पाहिजे, हा शीलाचा अर्थ आहे.

खुद्दकपाठात निधिकण्ड नावाचे एक सुत्त आहे. माणूस संकटकाळी उपयोगी पडावे म्हणून खोल खड्ड्यात धन पुरतो, पण ते तेथेच राहील याचा भरवसा नसतो. खरा निधी दान, शील, संयम यांचा, असा त्याचा आशय. पुरणाऱ्याला केलेला हा उपदेश आहे. उकरणाऱ्यालाही तो तितकाच लागू आहे.

गरिबाला चोर म्हणण्यापूर्वी

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की उपाशी माणसाला इतिहासाचे धडे देऊ नका. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. मजुराला एक सोन्याचे नाणे म्हणजे मुलीचे लग्न, सावकाराचा फेडलेला हप्ता, गळके छप्पर दुरुस्त करणे. त्याला उपदेश करणाऱ्याने आधी स्वतःचे घर पाहावे. परंतु दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतील.

एक, या व्यवहारात नफा कोणाचा होतो? रात्री सापडलेले नाणे उघडपणे विकता येत नाही. म्हणून चोरून विकत घेणारा वजनाचा भाव देतो, कित्येकदा तोही देत नाही. तेच नाणे पुढे हातोहात जाऊन शौकिनाच्या पेटीत पोचते तेव्हा त्याची किंमत अनेक पटींनी वाढलेली असते. खणणारा मात्र पकडला गेला की कोठडीत. नफा वरच्याचा आणि तुरुंग खालच्याचा, ही वाटणी आपल्या ओळखीची आहे.

दोन, मोठ्यांचे तेच कृत्य मोठ्या नावाने ओळखले जाते. १८९८ साली उत्तर प्रदेशात पिपरहवा येथे विल्यम पेप्पे या इंग्रज जमीनदाराने आपल्या इस्टेटीतील स्तूप उकरला. भगवान बुद्धांच्या अस्थी असल्याचा लेख असलेला करंडक आणि शेकडो रत्ने त्यात मिळाली. सरकारने बहुतेक ठेवा ताब्यात घेतला, अस्थी सयामच्या राजाला दिल्या, आणि रत्नांचा काही भाग पेप्पे यांच्याकडे राहिला. १२७ वर्षांनी, मे २०२५ मध्ये, ती रत्ने हाँगकाँगमध्ये सदबीज या कंपनीच्या लिलावात मांडली गेली. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, जगभरच्या बौद्धांनी निषेध केला, तेव्हा लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये एका भारतीय उद्योगसमूहाच्या साहाय्याने ती भारतात परत आली. आता तुलना करा. असीरगडच्या शेतात मार्चमध्ये खणणाऱ्यांवर पोलीस आले. पुढच्या दोन महिन्यांत स्तूपातून निघालेली रत्ने सुबक छापील यादीत, झगमगीत दिव्यांखाली विक्रीस आली. पहिल्याला आपण लूट म्हणतो आणि दुसऱ्याला संग्रह म्हणतो. जे शील मजुराला लागू आहे ते संग्राहकालाही लागू आहे. किंबहुना त्याला अधिक लागू आहे, कारण त्याला भुकेचे निमित्त नाही.

कायद्याचे दार

कायदा काय म्हणतो हे पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. १८७८ चा निखात निधी कायदा, म्हणजे ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट, इंग्रजी अमदानीतला आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जमिनीत सापडले तर शोधणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळविले पाहिजे. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. चौकशीअंती ते धन बेवारस ठरले आणि जमीनमालकाने हक्क सांगितला, तर आपसात करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि उरलेला मालकाचा. सरकारला ते धन ठेवून घ्यावयाचे असेल तर त्यातील धातूची किंमत व तिच्या एक पंचमांश रक्कम वर द्यावी लागते. याशिवाय संरक्षित स्मारकांच्या जागी परवान्याविना उत्खनन करण्यास १९५८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तूंचा व्यापार परवान्याखाली आणला असून त्या परदेशी नेण्यास खाजगी व्यक्तींना मनाई केली आहे.

तीन चतुर्थांश वाटा भूमिहीन मजुराचा असू शकतो, हे किती मजुरांना कोणी सांगितले आहे? कलेक्टर कचेरीत मळके धोतर नेसलेला माणूस जुने नाणे घेऊन गेला तर त्याला पहिला प्रश्न 'कोठे सापडले' असा होईल की 'कोठून चोरले' असा होईल? जोवर दुसरा प्रश्न आधी येण्याची भीती आहे, तोवर लोक अंधारातच खणणार. आणखी एक उणीव पाहा. कायदा मोबदला मोजतो तो धातूच्या वजनावर. त्या वस्तूने जे सांगितले त्याचे मोल त्यात नाही. म्हणजे कायद्याचे कानही त्या यंत्रासारखेच आहेत. ज्याने खड्डा न करता, वस्तू न हलवता खबर दिली त्याला धातूच्या किमतीहून अधिक बक्षीस आणि जाहीर सन्मान मिळाला पाहिजे. प्रामाणिकपणा तोट्याचा ठेवून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे हे राज्यकर्त्यांना शोभत नाही.

आपण काय करावे

कायदा बदलेपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. पैठण, तेर, पवनी, नालासोपारा अशा जुन्या नगरांच्या परिसरात आपले हजारो बांधव राहतात, शेती करतात, विहिरी खणतात, घराचे पाये घालतात. नांगराला काही लागले, पायात काही निघाले, तर तेथेच थांबावे. वस्तू घासू नये, धुऊ नये, चिंचेने उजळू नये. जमल्यास होती त्याच स्थितीत मोबाइलवर तिचे छायाचित्र घ्यावे, त्यात भोवतालची मातीही दिसू द्यावी. जागेवर खूण करावी. तलाठी, तहसीलदार किंवा पुरातत्त्व खात्याचे जवळचे कार्यालय यांना लेखी कळवावे. एकट्याने जाऊ नये. गावातील चार जाणती माणसे, शाळामास्तर, ग्रामपंचायतीचा सदस्य यांना बरोबर न्यावे. पंचनामा करून घ्यावा आणि त्याची सहीशिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय वस्तू हातची सोडू नये. प्रतीत शोधणाऱ्याचे नाव असलेच पाहिजे. ज्यांची नावे आजवर कोठेच लागली नाहीत, त्यांनी हा आग्रह तर सोडूच नये.

आणि माझ्या शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती आहे. मुलांना सोन्याच्या हंड्यांच्या गोष्टी पुष्कळ जण सांगतात. आपण त्यांना शेतातील खापराचा तुकडा दाखवावा. हा कोणी घडविला, कोणी भाजला, यात काय शिजले असेल, हे मातीत किती खोल होते, असे प्रश्न विचारावेत. ज्या मुलाला खापरातील माणूस दिसू लागला, तो पुढे मोठा झाल्यावर नाण्यासाठी त्या माणसाच्या अंगावर कुदळ मारणार नाही.

मातीत सापडलेले कोणाचे, असा प्रश्न आपण आरंभी विचारला. धातूचा वाटा कोणाला किती, हे कायद्याने ठरवावे आणि त्यात शोधणाऱ्या गरिबाला झुकते माप द्यावे. साक्षीची मात्र वाटणी होत नाही. ती ज्याच्या हाती लागली त्याने ती न मोडता पुढे सोपवावी, एवढेच त्याच्याकडे काम असते. ते काम लहान नाही.